तळाशी कोरलेले नाव : इनुक्जुआकच्या एका दगडी शिल्पाचे परीक्षण

गेल्या दिवाळीला विनिपेगहून सोलापूरला येताना माझ्या मुलीने एक दगडी शिल्प मोठ्या बॅगेत न टाकता, विमाने बदलत, स्वतःजवळच्या पिशवीतून जपून आणले. कॅनडाच्या उत्तरेकडील मूळ रहिवासी असलेल्या इन्युइट लोकांच्या इनुक्जुआक या वस्तीत ते घडवलेले आहे. कॅनडातील एका कलादालनाच्या संकेतस्थळावर छायाचित्रे पाहून आणि चार-पाच पत्रांतून शंका विचारून मी ते मागवले होते. किंमत ३८० कॅनेडियन डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे २३ हजार रुपये पडली. निवृत्त चित्रकला शिक्षिकेसाठी ही रक्कम लहान नाही. म्हणून सात-आठ महिने ते रोज पाहून, हाताळून आणि दगडातल्या जाणकाराला दाखवून मगच हे परीक्षण लिहीत आहे.

शिल्पाची उंची १४ सेंटिमीटर आहे आणि वजन किलोला थोडे कमी. दगड करडा-हिरवा असून त्यात काळपट शिरा आहेत. विषय माय-लेकराचा आहे. गुडघे मोडून बसलेल्या स्त्रीने ‘आमाउती’ नावाचा अंगरखा घातला आहे. या अंगरख्याच्या पाठीला तान्हे मूल बसेल अशी खोळ शिवलेली असते आणि त्याची टोपी इतकी प्रशस्त असते की, वारा सुटला तर ती आई आणि मूल या दोघांच्याही डोक्यावरून ओढून घेता येते. मूल आईच्या पाठीला अंगालगत चिकटून असल्याने तिच्या शरीराची ऊब त्याला मिळत राहते. आपल्या जिल्ह्यात ऊसतोडीला आलेल्या बायका लुगड्याच्या झोळीत लेकरू घेऊन फिरताना ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही रचना समजावून सांगावी लागत नाही. आमच्याकडे आलेल्या एका मावशींनी तर “ही सटवाई का गं?” असे विचारून हात जोडले.

समोरून पाहिले तर हे रूप जवळजवळ अंड्यासारखे साधे आहे. हात बाह्यांत दडलेले, चेहऱ्यावर डोळ्यांच्या दोन चिरा, मान जवळपास नाहीच. खरे शिल्प पाठीमागे आहे. तेथे दगड भरत जातो, टोपीची कड उलगडते आणि तिच्या आतून मुलाचे बोराएवढे डोके बाहेर येते. आई समोर आणि किंचित खाली पाहते, मूल मात्र डाव्या खांद्यावरून उलट दिशेला पाहते. या दोन नजरांमुळे शिल्प कोणत्याही एका बाजूने पूर्ण दिसत नाही, ते हातात घेऊन फिरवावेच लागते. फिरत्या जीवनात इन्युइट लोकांनी हस्तिदंतात आणि हाडात कोरलेल्या वस्तू मुठीत मावणाऱ्या असत आणि त्यांना बैठक नसे. बैठक ही बाजारासाठी नंतर आली. माझ्या शिल्पाला सपाट तळ आहे, तरी ते मुळात हातासाठी घडलेले आहे हे उचलल्याबरोबर कळते, कारण आईची पाठ तळव्यात बरोबर बसते.

या खरेदीच्या आधी माझी एकदा फसगत झालेली आहे आणि ती सांगणे या परीक्षणाचाच भाग आहे. मुलीकडे पहिल्यांदा गेले तेव्हा परतताना एका भेटवस्तूंच्या दुकानातून मी काळे, तुकतुकीत, मागच्या पायांवर उभे असलेले अस्वल घेतले होते. चिठ्ठीवर बर्फाचे चित्र होते, ‘हस्तकला’ असा शब्द होता आणि उत्तरेकडच्या लोकांविषयी चार ओळी होत्या. कलाकाराचे नाव मात्र कोठेच नव्हते. फळीवर तशीच आणखी अस्वले एकाच मापाची उभी होती. सोलापुरात आल्यावर उजेडात पाहिले तेव्हा अस्वलाच्या कुशीवर साच्याची बारीक शिवण दिसली. नंतर पुस्तकात वाचले की अशा वस्तू दगडाची पूड राळेत कालवून साच्यात ओततात, आणि तापवलेली सुई टोचली तर दगडावर काही होत नाही पण राळ वितळते. मी सुई टोचली. ती आत गेली आणि जळक्या प्लास्टिकचा वास आला. ते अस्वल मी फेकले नाही. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना खरे-खोटे दाखवण्यासाठी ते आजही उपयोगी पडते. खरा दगड पहाटे हाताला गार लागतो, राळ लागत नाही. खऱ्या दगडात शिरा आरपार जातात आणि कोरीव भागाच्या कडेवरून वळून पुढे चालू राहतात. खोट्यात रंग फक्त पृष्ठभागावर असतो. एवढ्या दोन खुणा लक्षात ठेवल्या तरी बहुतेक फसवणूक टळते.

आता दगडाविषयी, कारण येथे कलादालनाच्या वर्णनाशी माझा मतभेद आहे. त्यांनी माध्यमापुढे ‘सोपस्टोन’ असे लिहिले होते. सोपस्टोन म्हणजे आपले संगजिरे, ज्याला काही जण शंखजिरेही म्हणतात. गणवेश शिवणाऱ्या सोलापूरच्या कारखान्यांत कापडावर खुणा करायचा चपटा खडू आणि फॅब्रिकेशनच्या दुकानात लोखंडावर रेघ ओढायची कांडी याच मऊ दगडाची असते. शेजारच्या कन्नड बोलणाऱ्या आजी त्याला ‘बळपद कल्लु’ म्हणतात. बळप म्हणजे पाटीवरची पेन्सिल. बेलूर आणि हळेबीडच्या होयसळ मंदिरांतील दागिन्यांचे नाजूक कोरीवकाम याच जातीच्या दगडामुळे शक्य झाले. दख्खनच्या काळ्या पाषाणात ते तितक्या सहजपणे होत नाही.

शिल्प मी आमच्या ओळखीच्या एका पाथरवट मामांना दाखवले. पाटे, वरवंटे आणि खलबत्ते घडवण्यात त्यांचे आयुष्य गेले आहे. त्यांनी ते आधी वजनाला तोलले, मग उलटे करून तळाच्या कडेला नखाने दाबून पाहिले. नखाची खूण उमटली नाही. “हे संगजिरं न्हाई, बाई,” ते म्हणाले. “संगजिऱ्यावर नख उठतं. ह्यो त्येच्यापेक्षा घट हाय.” त्यांचे म्हणणे बरोबर होते. खनिजांचे काठिण्य मोजण्याच्या मोस श्रेणीत संगजिऱ्यातील मुख्य खनिज १ वर येते, नख साधारण २.५ वर आणि पोलाद ५.५ च्या आसपास. आज ‘सोपस्टोन’ म्हणून विकली जाणारी पुष्कळशी इन्युइट शिल्पे प्रत्यक्षात सर्पेंटाइन या अधिक कठीण, अधिक घट्ट आणि पॉलिशला चांगल्या दगडाची असतात आणि माझे शिल्पही त्यातलेच आहे. सर्व मऊ दगडांना सरसकट एकच नाव देण्याची या व्यापारातली सवय जुनी आहे. तरीही २३ हजार रुपये घेणाऱ्या विक्रेत्याने दगडाचे नाव बरोबर लिहावे, अशी अपेक्षा गैर नाही.

मामांनी पुढे जे दाखवले ते माझ्या शिक्षकी डोळ्यांना दिसले नव्हते. त्यांनी टोपीच्या आतल्या बाजूला बोट घालून फिरवले आणि म्हणाले, “हितं मशीनची पाती फिरल्याली हाय, वळ ऱ्हायल्यात. पन पोराच्या नाकाला मशीन लावलं न्हाई. तितं कानशीनं घासलंय, मग कागदानं.” मी भिंग घेऊन पाहिले तेव्हा टोपीच्या खोल भागात ग्राइंडरचे समांतर ओरखडे खरोखरच दिसले. पूर्वीच्या पिढ्या कुऱ्हाड, करवत, छिन्नी आणि कानस यांनी काम करत. आज मोठा भाग ग्राइंडरने उतरवतात, मग कानशी लावतात, मग पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर जाड ते बारीक अशा क्रमाने फिरवतात आणि शेवटी मेण किंवा तेलाचा हात देतात. यंत्र वापरल्याने शिल्पाची किंमत कमी होते असे मला वाटत नाही. मामांनाही वाटले नाही. ते स्वतः मशीन वापरतात. ग्राइंडर कोठे थांबवायचा हे त्या कलाकार बाईंना नेमके कळले होते, एवढेच त्यांनी पुन्हा पुन्हा बोटाने दाखवले.

मामांनी तोंडावर गमछा बांधून काम करण्याविषयी विचारले तेव्हा मला धुळीचे सांगावे लागले. या दगडांची धूळ फुप्फुसांना वाईट असते आणि काही सर्पेंटाइन दगडांत ॲस्बेस्टॉसचे तंतूही असतात. म्हणून उत्तरेकडचे कारागीर कडाक्याच्या थंडीतही उघड्यावर किंवा घराबाहेरच्या लहानशा खोपट्यात, वाऱ्याकडे पाठ करून काम करतात, आणि ज्यांना मिळतो ते श्वसनाचा मुखवटा घालतात. तयार, गुळगुळीत शिल्पापासून घरात धोका नाही. मात्र ते घरी घासू किंवा कापू नये. माझ्या शिल्पाचा तळ किंचित डुगडुगतो. मामांनी कानशीचा एक हात मारून देतो म्हटले, पण याच कारणाने मी नको म्हणाले आणि खाली जुन्या चादरीची घडी ठेवली.

इनुक्जुआक हे नाव मी मुद्दाम निवडले होते. हडसन उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावरील ही वस्ती पूर्वी पोर्ट हॅरिसन म्हणून ओळखली जाई आणि आज जिला आधुनिक इन्युइट शिल्पकला म्हणतात तिची सुरुवात १९४८ मध्ये येथूनच झाली असे मानतात. दगड कोरणे तेथे नवे नव्हते. सीलची चरबी जाळणारा ‘कुलिक’ नावाचा चंद्रकोरीसारखा दिवा याच मऊ दगडाचा असे आणि उजेड, ऊब, स्वयंपाक, ओल्या कपड्यांचे वाळवण असे सगळे त्या एका दिव्यावर चाले. पण दुसऱ्या महायुद्धानंतर पांढऱ्या कोल्ह्याच्या कातड्याचे भाव कोसळले आणि सापळ्यांवर जगणाऱ्या कुटुंबांच्या हातचा पैसाच नाहीसा झाला. त्याच सुमारास जेम्स ह्यूस्टन हा तरुण चित्रकार चित्रे काढायला तेथे पोहोचला. त्याच्या चित्राच्या बदल्यात एका माणसाने त्याला मुठीत मावणारे दगडी कॅरिबू, म्हणजे उत्तरेकडचे मोठे हरीण, दिले. ह्यूस्टन ते आणि तसे आणखी नमुने घेऊन माँट्रियलला गेला. तेथील हस्तकला संस्थेने १९४९ च्या नोव्हेंबरमध्ये विक्री-प्रदर्शन भरवले आणि सुमारे हजार वस्तू तीन दिवसांत संपल्या.

या कथेत ह्यूस्टनला नायक करण्याची पद्धत आहे, मला ती पूर्ण पटत नाही. त्याने मार्ग उघडला हे खरे आहे. पण १९५१ मध्ये काय घडवले तर कॅनडाच्या दक्षिणेकडील शहरांत विकले जाईल याच्या चित्रांची एक पुस्तिकाही त्याने काढली होती आणि त्यातल्या काही सूचना कलाकारांच्या जगण्याशी संबंध नसलेल्या होत्या. लोकांनी ती बाजूला ठेवून जे पाहिले आणि जगले ते कोरले, म्हणून ही कला टिकली. वस्तीच्या वाट्याला पुढे जे आले तेही विसरू नये. १९५३ आणि १९५५ मध्ये कॅनडा सरकारने इनुक्जुआकची काही कुटुंबे सुमारे २००० किलोमीटर उत्तरेला, ग्रीस फिओर्ड आणि रेझोल्यूट येथे, ओळख नसलेल्या अंधाऱ्या हिवाळ्याच्या प्रदेशात नेऊन सोडली. त्याबद्दल सरकारने माफी मागितली ती २०१० मध्ये. माझ्या कोनाड्यातली ही बाई त्या गावातली आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे शिल्प घेतले आणि ज्यासाठी ते घ्यावे असे इतरांनाही सांगेन, ती गोष्ट. शिल्पाबरोबर एक छोटी चिठ्ठी दोरीने बांधलेली आली. तिच्यावर इग्लूचे चिन्ह आहे आणि कलाकाराचे नाव, गाव व माध्यम लिहिलेले आहे. इग्लू टॅग नावाचे हे अधिकृत चिन्ह कॅनडा सरकारने १९५८ मध्ये सुरू केले, कारण तोवर राळेची आणि परदेशात ओतलेली नक्कल बाजारात शिरली होती. २०१७ मध्ये त्याचा ताबा इन्युइट आर्ट फाउंडेशन या इन्युइट लोकांच्याच संस्थेकडे आला. सोलापूरच्या माणसाला या चिठ्ठीचे मोल वेगळे सांगायला नको. आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी परगावच्या यंत्रमागांवर विणलेल्या चादरी ‘सोलापुरी’ या नावाने सर्रास विकल्या जातात. पूर्व भागातल्या ज्या घरांत माग चालत, त्या घरांतल्या लोकांना स्वतःच्याच नावाची नक्कल रस्त्यावर निम्म्या भावात पाहावी लागते. आमच्या घराशेजारी दोन मागांची खटखट मी लहानपणापासून ऐकली आहे. जकार्डवर मोर आणि वेल उतरवणारे ते हात मला अजून आठवतात. त्यांचे नाव कोणत्याही चादरीवर कधी छापले गेले नाही. आपले मानांकन प्रदेशाला नाव देते. इग्लू टॅग प्रदेशाबरोबर माणसाचेही नाव देतो, आणि हा फरक मला फार मोठा वाटतो.

तो फरक इन्युइट लोकांना सहज मिळालेला नाही. १९४० च्या दशकापासून सरकारने त्यांना नावांऐवजी क्रमांक दिले. कारण इन्युइटांमध्ये आडनावे नव्हती आणि नोंदी करणाऱ्यांना नावे लिहिता येत नव्हती. नाण्याएवढ्या चकतीवर पूर्वेसाठी ‘ई’ किंवा पश्चिमेसाठी ‘डब्ल्यू’ हे अक्षर आणि पुढे आकडा असे, आणि ती चकती गळ्यात घालण्यासाठी तिला भोक असे. त्यामुळे जुन्या शिल्पांच्या तळाशी पुष्कळदा नाव नसते, आकडा असतो. किंगाइत या दुसऱ्या इन्युइट वस्तीच्या परिसरातील कलाकारांचे क्रमांक ‘ई-७’ ने आणि हडसन उपसागराच्या या किनाऱ्यावरचे ‘ई-९’ ने सुरू होत. १९६८ ते १९७१ या काळात एबी ओकपिक या इन्युइट गृहस्थांनी कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीज या उत्तरेकडील प्रदेशातल्या वस्त्या-वस्त्यांत फिरून लोकांना आडनावे निवडायला आणि नोंदवायला मदत केली, तेव्हा तेथील ही पद्धत संपली. हे वाचल्यापासून मी कोणतेही इन्युइट शिल्प आधी उलटे करून पाहते.

विनिपेगला गेले होते तेव्हा तसे करण्याची सोय अर्थातच नव्हती. तेथील कलासंग्रहालयाची कौमायुक ही नवी इमारत २०२१ मध्ये उघडली. समकालीन इन्युइट कलेचा जगातील सर्वांत मोठा सार्वजनिक संग्रह तेथे आहे. दारातून आत गेल्याबरोबर तीन मजले उंचीची काचेची कोठी दिसते आणि तिच्या फळ्यांवर हजारो शिल्पे दाटीने उभी असतात, गावांप्रमाणे लावलेली. एका गावाची फळी संपून दुसऱ्या गावाची सुरू होते तेथे हात बदललेले स्पष्ट कळतात. किंगाइतचा दगड हिरवा आणि चमकणारा, म्हणून तेथे ओसुइतोक इपीली यांनी कॅरिबूचा सगळा भार काडीसारख्या पायांवर तोलला आणि पाउता साइला यांनी अस्वलाला एका पायावर उभे केले. अर्विआतचा दगड करडा आणि हट्टी, म्हणून ल्युसी तासेओर तुत्स्वीतोक यांच्या कामात दगड बहुतांशी दगडच राहतो आणि त्याच्या कडांवर फक्त लहान लहान चेहरे उमटतात, जणू कुटुंब एका पांघरुणात बसले आहे. कारू आशेवाक यांनी दगड सोडून व्हेलच्या जुन्या हाडात मोठ्या डोळ्यांचे आत्मे कोरले. ते १९७४ मध्ये ऐन तारुण्यात घराला लागलेल्या आगीत गेले.

मी सर्वांत जास्त वेळ थांबले ती ओवीलू तुनिली यांच्या शिल्पांपुढे. १९४९ मध्ये जन्मलेल्या ओवीलूंना लहानपणी क्षयासाठी घरापासून दूर मॅनिटोबातल्या रुग्णालयांत वर्षानुवर्षे ठेवले गेले होते. पुढे वडिलांना कोरताना पाहून त्या शिकल्या. त्यांनी सील आणि अस्वलांबरोबर रडणारी, एकटी बसलेली, डोके गुडघ्यांत घातलेली स्त्री कोरली, आणि रुग्णालयातले ते मूलही कोरले. बायकांनी दगड कोरणे आजही पुरुषांइतके सर्रास नाही. माझे शिल्प एका बाईंनी घडवलेले आहे, ही गोष्ट माझ्या निवडीत महत्त्वाची होती. त्या बाईंचे नाव मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. येथे लिहीत नाही, कारण त्या प्रसिद्ध व्यक्ती नाहीत आणि नाव जाहीर करण्याविषयी मी त्यांना विचारलेले नाही.

घेऊ पाहणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. निव्वळ दगडाचे शिल्पच निवडावे. वॉलरसचा सुळा, नारव्हाल या देवमाशाचा दात किंवा व्हेलचे हाड वापरलेली शिल्पे सुंदर असतात, पण अशा वस्तू देशाबाहेर नेण्यावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत आणि परवान्यांशिवाय त्या अडकतात. मी पहिल्यांदा पसंत केलेल्या वॉलरसला खरे सुळे होते, म्हणून तो मोह सोडला. कलादालनाने ही अडचण मी विचारण्याआधी स्वतःहून सांगितली, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. बांधणीही उत्तम होती. शिल्पाभोवती पातळ कागद, मग फेसाळ आवरण, टोपीची कड मोडू नये म्हणून तेथे वेगळी गादी, आणि एकात एक अशी दोन खोकी. सोलापुरात आल्यावर काळजी मुख्यतः उन्हाची घ्यावी लागते. एप्रिलमध्ये पारा ४० च्या वर गेला तेव्हा खिडकीतले ऊन थेट पडून मेणाचा हात मऊ झाला आणि त्याने धूळ धरली. तेव्हापासून शिल्प दोन हात आत सरकवले आहे. कोरडे, मऊ सुती कापड पुरते. तेल लावू नये आणि हळदीकुंकू वाहू देऊ नये. मावशींना ते पटवायला मला बराच वेळ लागला, कारण हात जोडल्यावर कुंकू न लावणे त्यांना अपुरे वाटत होते.

उणिवा तीन आहेत. दगडाचे नाव चुकीचे लिहिल्याचे वर आलेच. दुसरी उणीव शिल्पातली आहे. आईच्या चेहऱ्याला पॉलिश जास्त झाले आहे. अंगरख्याचा पोत किंचित खरबरीत ठेवला आहे तसा चेहराही ठेवला असता, तर डोळ्यांच्या चिरांत सावली अधिक साठली असती. आता संध्याकाळी दिवा लावला की गालावर झळाळी येते आणि डोळे पुसट होतात. तिसरी उणीव मला सर्वांत जास्त सलते. मी दिलेल्या ३८० डॉलरपैकी कलाकार बाईंच्या हाती किती पडले, असे मी कलादालनाला विचारले. उत्तर सौजन्याचे आले, पण आकडा आला नाही. त्यांनी कळवले की वस्तीतली सहकारी संस्था शिल्प थेट कलाकाराकडून पैसे देऊन विकत घेते आणि कलादालने पुढे त्या साखळीतून घेतात, म्हणजे शिल्प दक्षिणेत विकले जाईपर्यंत कलाकाराला थांबावे लागत नाही. ही पद्धत चांगली आहे. या भागातील वस्त्यांच्या सहकारी संस्थांनी १९६७ मध्ये एकत्र येऊन स्वतःचा महासंघ उभारला, तो आजही चालतो आणि त्याची मालकी त्याच लोकांकडे आहे. सहकारी सूतगिरण्या उभ्या राहताना आणि बंद पडताना पाहिलेल्या जिल्ह्यात राहून हे वाचताना मला आदर वाटला. तरीही नाव छापण्याची परंपरा घडवणाऱ्या या बाजाराने आता मोबदलाही चिठ्ठीवर छापावा, असे माझे मत मी त्यांना परत पत्राने कळवले आहे.

या तिन्ही उणिवांनंतरही शिल्प दिलेल्या पैशांना पुरेपूर आहे, आणि कोणाला एखादी चांगली दगडी वस्तू आयुष्यभरासाठी घ्यायची असेल तर टॅग तपासून, नाव विचारून, याच मार्गाने घ्यावी असे मी सांगेन.

नावाविषयी एक राहिले. कलाकार बाईंनी ते तळाशी इनुक्तितुत भाषेच्या सिलॅबिक लिपीत कोरले आहे. जेम्स इव्हान्स या मिशनऱ्याने १८४० च्या सुमारास क्री भाषेसाठी ही लिपी रचली आणि पुढे ती इनुक्तितुतसाठी घेतली गेली. तिच्या रचनेवर लघुलिपीबरोबर आपल्या देवनागरीचाही प्रभाव असावा, असे अभ्यासक मानतात. व्यंजनाला एक आकृती असते आणि ती आकृती कोणत्या दिशेला वळवली आहे यावरून स्वर ठरतो. त्रिकोणी आकृतीचे टोक वर असेल तर ‘पि’, उजवीकडे असेल तर ‘पु’, डावीकडे असेल तर ‘प’. हे कळण्यापूर्वी, प्रत्येक वेळी उचलावे लागू नये म्हणून मी सुताराकडून एक छोटी सागवानी चौकट करून घेतली होती. तिच्यात खाली आरसा बसवला होता, म्हणजे वाकून पाहिले की तळाचे नाव दिसे. मुलीने व्हिडिओ कॉलवर ते पाहिले, चिठ्ठीवरच्या नावाशी अक्षर अक्षर ताडले आणि म्हणाली, “आई, आरशात डावे-उजवे बदलते, म्हणजे स्वरच बदलतो. हे त्यांचे नाव राहिले नाही, भलतेच कोणाचे तरी झाले.” त्याच दिवशी मी आरसा काढून टाकला. आता कोणी विचारले की चादरीच्या घडीवरून शिल्प उचलते, उलटे करते आणि पाहुण्याच्या हातात देते.